बदकाच्या पिल्लाची आई व्हायचे आहे?



भातशेतीच्या मुलखात ज्यांच्या घरी बदके असतात, त्यांनी एक गमतीचा देखावा हटकून पाहिलेला असतो. खाकी कॅम्पबेल जातीची मादी अंडी भरपूर देते, पण ती उबवायला सहसा बसत नाही. मग घरातली आजी ती अंडी एखाद्या खुडूक कोंबडीखाली ठेवते. कोंबडीच्या अंड्यांतून २१ दिवसांत पिल्ले निघतात, बदकाच्या अंड्यांना मात्र २८ दिवस लागतात. कोंबडी बिचारी आठवडाभर जास्त बसते. पिल्ले निघतात आणि तिच्या मागून अंगणभर फिरू लागतात. एके दिवशी फिरता फिरता तळ्याचा काठ येतो आणि सगळी पिल्ले टुपकन पाण्यात! कोंबडी काठावरून इकडून तिकडे धावते, पंख फडफडवते, ओरडते. पिल्ले आपली मजेत पोहत असतात.

हे पाहून आपण हसतो. पण क्षणभर विचार करा. या पिल्लांना पोहायला कोणी शिकवले? कोंबडीने तर नक्कीच नाही. पोहणे त्यांच्या अंगी उपजतच होते. मग कोंबडीने काय केले? तिने ऊब दिली, ओले झालेले अंग पंखाखाली घेऊन सुकवले, दाणा कुठे आहे ते दाखवले, घार दिसताच हाक मारली, आणि मुख्य म्हणजे ती सदैव जवळ राहिली.

तुमच्यापैकी पुष्कळांना बदकाचे पिल्लू पाळावेसे वाटते. पिवळ्या लवेचा तो मऊ गोळा तळहातावर घेतला की खाली ठेवावासा वाटत नाही. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. पिल्लू घरी आणणे म्हणजे त्या खुडूक कोंबडीची जागा घेणे. तिची सगळी कामे आता तुमच्याकडे येतात. ती कामे कोणती आणि त्यांच्यामागे कोणते विज्ञान आहे, ते आज पाहू.

अंड्यातली बोलणी

आईची ओळख पिल्लाला बाहेर आल्यावर होते असे आपल्याला वाटते. खरे पाहता ती आधीच सुरू झालेली असते. अंड्याच्या जाड टोकाला हवेची एक लहान पोकळी असते. बाहेर येण्याच्या दोन-तीन दिवस आधी पिल्लू या पोकळीच्या पडद्याला चोचीने भोक पाडते, फुप्फुसांनी श्वास घेऊ लागते आणि आतूनच बारीक आवाज काढू लागते. शेजारच्या अंड्यांतली भावंडेही तसेच करतात. अंडे कानाशी धरले तर ही चिवचिव आपल्यालाही ऐकू येते.

गिल्बर्ट गॉटलीब या अमेरिकन शास्त्रज्ञाने यावर अनेक वर्षे प्रयोग केले. बदकाचे पिल्लू आपल्या जातीच्या आईची हाक उपजतच ओळखते, असे पूर्वी मानले जाई. गॉटलीब यांनी काही पिल्लांना अंड्यात असताना स्वतःचा आणि भावंडांचा आवाज ऐकू दिला नाही. अशा पिल्लांना पुढे आईची हाक नीट ओळखता येईना. बदकाची हाक आणि कोंबडीची हाक यांतही त्यांची गफलत होऊ लागली. म्हणजे ज्याला आपण ‘उपजत’ म्हणतो, त्यातही भावंडांच्या सोबतीचा वाटा असतो. आहे की नाही नवल?

पहिल्या दिवसाचा ठसा

पिल्लू बाहेर आले, अंग वाळले, पायांत बळ आले की ते जवळची हलणारी वस्तू पाहते आणि तिच्यामागे चालू लागते. सृष्टीत ही वस्तू म्हणजे बहुधा आईच असते. पण आईच्या जागी माणूस असला तर पिल्लू माणसाच्या मागे जाते! कोंबडीच्या पिल्लांतला हा प्रकार डग्लस स्पाल्डिंग या इंग्रज अभ्यासकाने १८७३ साली लिहून ठेवला होता. पुढे ऑस्ट्रियाचे कोनराड लोरेंझ यांनी १९३५ साली त्याची सविस्तर मांडणी केली. पिल्लाच्या मनावर जणू आईचा ठसा उमटतो आणि तो सहजासहजी पुसला जात नाही, असे त्यांनी दाखवले. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासाबद्दल लोरेंझ यांना १९७३ साली कार्ल फॉन फ्रिश आणि निको टिनबर्गन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

लोरेंझ यांनी लिहिलेला एक अनुभव मोठा मजेदार आहे. हंसकुळातल्या ‘ग्रेलॅग गूज’ या पक्ष्याची पिल्ले त्यांच्यामागे निमूटपणे येत, पण जंगली बदकाची पिल्ले काही केल्या येईनात. तेव्हा त्यांनी बदकिणीसारखे ‘क्वॅक क्वॅक’ करायला सुरुवात केली. पिल्ले मागे येऊ लागली, पण दोन अटींवर. आवाज थांबता कामा नये आणि उभे राहता कामा नये! मग हे दाढीवाले शास्त्रज्ञ गवतातून बसत-रांगत, ओरडत चालले आणि कुंपणापलीकडून जाणारी माणसे थक्क होऊन पाहत राहिली. गवतातली पिल्ले त्यांना दिसतच नव्हती!

हा ठसा कधीही उमटत नाही. अमेरिकेतील एकहार्ड हेस यांच्या प्रयोगांत, जंगली बदकाच्या पिल्लांवर तो जन्मानंतर १३ ते १६ तासांच्या सुमारास सर्वांत पक्का उमटलेला आढळला. पिल्लू नेमके काय टिपते यावर अजूनही संशोधन चालू आहे. २०१६ साली ऑक्सफर्ड विद्यापीठातील अँटोन मार्टिन्हो आणि अ‍ॅलेक्स कासेल्निक यांनी नुकत्या जन्मलेल्या पिल्लांना दोन-दोन वस्तूंच्या जोड्या दाखवल्या. काहींना एकसारख्या आकारांची जोडी, काहींना वेगवेगळ्या आकारांची. नंतर अगदी नव्या जोड्या समोर ठेवल्या, तेव्हा बहुतेक पिल्ले ओळखीच्या नात्याच्या मागे गेली. सारखेपणा पाहिलेली पिल्ले सारख्या जोडीमागे, आणि वेगळेपणा पाहिलेली वेगळ्या जोडीमागे. एवढेसे डोके, पण ‘सारखे’ आणि ‘वेगळे’ हा भेद त्याला कळतो!

एकटे पिल्लू नको

आता या शोधांचा तुमच्या घराशी काय संबंध ते पाहा. तुम्ही एकच पिल्लू आणले, तर त्याची आई तुम्ही, भावंड तुम्ही आणि कळपही तुम्हीच. सुरुवातीला फार गंमत वाटते. स्वयंपाकघरात जा, ते मागे येते. अंगणात जा, ते मागे येते. पण सकाळी तुम्ही दप्तर उचलून शाळेत जाता तेव्हा काय होते? पिल्लू उंच, तीक्ष्ण आवाजात ओरडू लागते. हाक ऐकून आई परत यावी, यासाठीच तो आवाज असतो. तुमची शाळा मात्र पाच-सहा तासांनी सुटते.

म्हणून पहिला नियम असा की, पिल्ले आणायची तर किमान दोन, शक्य तर तीन-चार आणावीत. भावंडे एकमेकांना चिकटून झोपतात, एकमेकांचे पाहून खायला शिकतात आणि मोठेपणी त्यांना बदकांत बदकासारखे वागता येते. ती तुमच्या मागेही येतील, पण तुमच्यावाचून त्यांचे अडणार नाही. पाळलेल्या जिवाला आपला लळा लावणे सोपे आहे. त्याने आपल्यावाचून हाल सोसू नयेत याची तजवीज करणे महत्त्वाचे आहे.

ऊब

पिल्लाच्या अंगावर जन्मतः पिसे नसतात, फक्त लव असते. पहिले काही दिवस त्याला आपल्या शरीराचे तापमान नीट राखता येत नाही. आईच्या पंखाखाली मिळणारी ऊब तुम्हाला द्यायची आहे.

एक ऐसपैस लाकडी खोके किंवा मोठी टोपली घ्या. तळाशी भाताचे तूस किंवा गोणपाट अंथरा. वर्तमानपत्र अंथरू नका. त्यावर पाय घसरतात आणि कोवळे पाय फाकून कायमचे अधू होऊ शकतात. खोक्याच्या एका बाजूला, पिल्लांच्या वर सुमारे दीड फुटावर, ४० किंवा ६० वॅटचा तारेचा दिवा टांगा. एलईडी दिवा येथे कामाचा नाही, कारण त्याची उष्णता पिल्लांपर्यंत फारशी पोचत नाही. दिवा पक्का बांधा आणि तुसाला किंवा खोक्याला तो टेकणार नाही याची खात्री करा, नाहीतर आग लागेल. हे काम घरातल्या मोठ्या माणसांकडून करून घ्यावे.

पहिल्या आठवड्यात दिव्याखाली सुमारे ३२ अंश सेल्सियस तापमान हवे. पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी ते कमी करावे. आपल्याकडे उन्हाळ्यात दिवसा हवाच तेवढी गरम असते, तेव्हा दिवा फक्त रात्री लागतो. तापमापक नसला तरी बिघडत नाही, पिल्लेच तापमान सांगतात. सगळी दिव्याखाली दाटीवाटीने गोळा होऊन ओरडत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे. दिव्यापासून लांब पळून, चोच उघडी टाकून धापा टाकत असतील तर उकडते आहे. सगळीकडे विखरून खात-झोपत असतील तर सारे ठीक आहे. दिवा एका बाजूला टांगायचा तो यासाठीच. पिल्लांना हवी ती जागा निवडता येते.

पाणी : मित्र की शत्रू?

येथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी आठवीतल्या एका मुलाने आठवडी बाजारातून बदकाचे पिल्लू आणले आणि मोठ्या हौसेने शाळेत मला दाखवले. “सर, याला पाण्यात सोडू का?” त्याने विचारले. “बदकच ते, सोड की,” मी म्हणालो. आम्ही ते पाण्याच्या बादलीत सोडले. ते छान पोहू लागले. तास सुरू झाला म्हणून आम्ही वर्गात गेलो. परत आलो तेव्हा पिल्लू बादलीत मान टाकून पडले होते. बादलीची कड गुळगुळीत, बाहेर यायला वाट नाही, लव भिजून चिंब. आम्ही ते पुसले, उन्हात धरले, पण ते वाचले नाही. मुलगा काही बोलला नाही. बदकाचे पिल्लू पाण्यात गारठून मरू शकते, हे विज्ञान शिकवणाऱ्या मला त्या दिवशी कळले.

असे का होते? मोठ्या बदकाच्या पिसावर पाणी ठरत नाही. पिसाच्या दांड्याला बारीक शाखा असतात, शाखांना उपशाखा, आणि उपशाखांना सूक्ष्म आकडे. हे आकडे एकमेकांत अडकून घट्ट विणलेले कापडच तयार होते. त्यातल्या सूक्ष्म फटींत हवा कोंडलेली असते आणि पाण्याच्या पृष्ठताणामुळे पाणी आत शिरत नाही. शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतले तेल बदक चोचीने पिसांना लावते. त्यामुळे पिसे मऊ आणि चांगल्या स्थितीत राहतात. पिल्लाच्या लवेला मात्र हे पक्के विणकाम नसते. थोडा वेळ ती पाणी अडवते, मग भिजते. तळ्यातली पिल्ले पोहून आली की आईच्या उबेत सुकतात. बादलीतल्या पिल्लाला ती सोय कोठून असणार?

तेव्हा पहिल्या काही आठवड्यांत पिल्लांना पोहायला सोडायचेच तर उथळ, कोमट पाण्यात, काही मिनिटेच, आणि तुमच्या डोळ्यांसमोर. बाहेर येण्यासाठी विटेचा किंवा फळीचा उतार ठेवा. मग कोरड्या फडक्याने टिपून दिव्याखाली ठेवा. सात-आठ आठवड्यांत पुरती पिसे आली की मग खुशाल डुंबू द्या.

पिण्याचे पाणी मात्र पहिल्या दिवसापासून सतत हवे. बदके कोरडे खाद्य पाण्याच्या घोटाबरोबर गिळतात. पाणी नसले तर खाद्य घशात अडकते. भांडे उथळ असावे, पण चोच आणि नाकपुड्या बुडतील एवढे खोल, म्हणजे दोन-तीन इंच. बदके चोच बुडवून नाकपुड्या आणि डोळे धुतात. भांड्यात मधोमध दगड ठेवला की पिल्लू आत पडून भिजत नाही.

एक सोपा प्रयोग वर्गात करून पाहा. बदकाचे गळून पडलेले पीस घ्या. त्यावर पाण्याचा थेंब टाका. तो मोत्यासारखा घरंगळेल. पिसाच्या शाखा बोटांनी विस्कटा, मग मुळाकडून टोकाकडे हलकेच चिमटीतून ओढा. आकडे पुन्हा अडकून पीस पूर्ववत होईल. आता तेच पीस धुण्याच्या पुडीच्या कोमट पाण्यात घोळवा आणि बाहेर काढा. ते भिजून लिबलिबीत होईल. साबणाने तेल निघाले आणि पाण्याचा पृष्ठताणही कमी झाला. बदकाला साबणाने कधी का धुऊ नये, ते यावरून कळेल. प्रयोगानंतर हात मात्र धुवा.

अन्न

अंड्यातून निघण्यापूर्वी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेते. ती शिदोरी त्याला एक-दोन दिवस पुरते. नंतर मात्र दिवसातून अनेकदा खायला लागते. कोंबडीच्या पिल्लांचे बारीक खाद्य चालते, पण औषध न मिसळलेले पाहून घ्यावे. त्यावर एक गोष्ट वाढवावी लागते, ती म्हणजे नायसिन हे ब गटातले जीवनसत्त्व. बदकाच्या पिल्लांना ते कोंबडीच्या पिल्लांपेक्षा बरेच जास्त लागते, दर किलो खाद्यात सुमारे ५५ मिलिग्रॅम. ते कमी पडले की पायांचे सांधे सुजतात, पाय वाकतात आणि पिल्लू लंगडू लागते. खाद्यावर यीस्टची पूड भुरभुरल्याने ही उणीव भरून निघते. शिवाय बारीक चिरलेली कोथिंबीर, मेथी, अझोला, गांडुळे हे सारे पिल्ले आवडीने खातात. सोबत थोडी जाडी वाळू ठेवा. पक्ष्यांना दात नसतात, आणि पोटातल्या जात्याला वाळूचे खडे लागतात. पाव मात्र देऊ नका. पोट भरते, पण पोषण होत नाही.

आणि बुरशी आलेले दाणे, पेंड किंवा मका चुकूनही देऊ नका. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी एका अनोळखी रोगाने मेले. बदकांची पिल्लेही मेली. शोध घेता दोष निघाला खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीचा. पेंडीवर अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढली होती आणि तिने अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार केले होते. हे विष यकृत नासवते. बदकाची पिल्ले त्याला इतकी नाजूक असतात की धान्यात ते आहे की नाही हे तपासण्यासाठी शास्त्रज्ञ त्यांचाच उपयोग करीत. या विषाची बाधा माणसालाही होते. १९७४ साली राजस्थान आणि गुजरातमधील काही खेड्यांत बुरशीचा मका खाल्ल्याने शंभराहून अधिक माणसे दगावली. म्हणजे पिल्लासाठी पाळलेला हा नियम आपल्या घरच्या डब्यांनाही लागू आहे.

स्वच्छता

बदके निरोगी दिसली तरी त्यांच्या विष्ठेत साल्मोनेला हे रोगजंतू असू शकतात. पिल्लाला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. त्याचे मुके घेऊ नयेत, जेवणाच्या जागी आणू नये. तूस रोज हलवून ओले झालेले काढावे. बर्ड फ्लूचेही भान हवे. भारतात हा रोग प्रथम फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कोंबड्यांत आढळला. २०१४ साली केरळात आलप्पुळा भागातल्या बदकांत तो पसरला आणि बदकांचे मोठमोठे कळप नष्ट करावे लागले. बदकाच्या अंगी हा विषाणू कधीकधी काहीही लक्षण न दाखवता राहतो. परिसरात साथ असल्याचे कळले तर नवे पक्षी आणू नयेत, मेलेल्या पक्ष्याला हात लावू नये आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे.

वही ठेवा

पिल्ले पाळलीत तर एक वही जरूर घाला. दर रविवारी त्याच वेळी वजन करा आणि आलेख काढा. जन्मतः ४०-५० ग्रॅमचे पिल्लू किती भराभर वाढते ते पाहून तुम्ही चकित व्हाल. पांढऱ्या पेकिन जातीचे पिल्लू चांगल्या खाद्यावर सात आठवड्यांत सुमारे ३ किलो भरते! पहिले खरे पीस कोठे आले? आवाज कधी फुटला? मोठा ‘क्वॅक’ मादीच करते, नराचा आवाज घोगरा असतो. पुढे नराच्या शेपटीवर एक-दोन पिसे वर वळलेली दिसतात. रात्री हलक्या पावलांनी जाऊन पाहा. रांगेत झोपलेल्या बदकांपैकी कडेच्या बदकाचा बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा आहे का? नील्स रॅटनबोर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखवले की कडेचे बदक अर्धा मेंदू झोपवून अर्ध्या मेंदूने पहारा देऊ शकते.

आणण्यापूर्वी

शेवटी काही प्रश्न स्वतःला विचारा. बदक आठ-दहा वर्षे सहज जगते. आज आठवीत असाल तर तेव्हा तुम्ही कॉलेजही संपवलेले असेल. तोवर कोण पाहील? अंगण आहे का? बदकाची विष्ठा पातळ आणि भरपूर असते. इमारतीतल्या दोन खोल्यांत ना तुम्ही सुखी, ना ते. रात्री मुंगूस, मांजर, घुशी यांपासून जपणारे बंद खुराडे आहे का? यांपैकी एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल, तर पिल्लू आणू नका. ओळखीच्या घरची बदके पाहायला जा. वही तेथेही लिहिता येते.

तळ्यावरची पिल्ले मात्र कधीही उचलू नका. चोचीवर पिवळा आणि लाल रंग मिरवणारे हळदी-कुंकू बदक, शीळ घालणारी अडई हे आपले रानपक्षी आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना पकडण्यास बंदी आहे. तसेच कंटाळा आला म्हणून पाळीव बदक तळ्यात नेऊन सोडू नका. त्याचे अंग जड, त्याला नीट उडता येत नाही. शत्रू ओळखून पळण्याचे शिक्षण त्याला मिळालेले नाही, आणि तुमची हाक ऐकण्याची सवय मात्र लागलेली आहे.

तळ्याकाठच्या त्या कोंबडीला आपण हसलो होतो. तिला पोहता येत नव्हते. पिल्ले अशी का वागतात हेही तिला कळत नव्हते. तरी ती काठ सोडून गेली नाही. पिल्ले बाहेर आली तेव्हा तिने पंख पसरले आणि ओली पिल्ले पोटाखाली घेतली. आपल्याला तिच्यापेक्षा पुष्कळ जास्त कळते. पण तिच्यासारखे काठावर थांबायची आपली तयारी असेल, तरच पिल्लू घरी आणावे.